सौर वादळ आलं की भूकंप होतो का? गावच्या ग्रुपवरच्या मेसेजची चिरफाड

तेरणाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. मी सध्या पुण्यात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक नवीनच प्रकार सुरू झालाय. सूर्यावर स्फोट झाल्याची बातमी आली की कोणीतरी लगेच एका यूट्यूब चॅनेलची क्लिप टाकतं. 'सूर्याकडून प्रचंड लाट निघाली, पुढचे ४८ तास धोक्याचे, भूकंपाची दाट शक्यता.' मागे धडकी भरवणारं संगीत, नकाशावर लाल ठिपके. दुसऱ्या एखाद्या गावात लोक हसून सोडून देतील. आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट पाहिलेली माणसं अजून आहेत. मेसेज आला की आमची काकू खरोखर अंगणात बाज टाकते. पाऊस असला तर ओसरीत.

क्लिपवाल्याचे मुख्य दावे तीन. एक, ३१ डिसेंबर २०२३ ला सूर्यावर एक्स-५ दर्जाची (एक्स म्हणजे सर्वांत जोरदार वर्ग) ज्वाला उठली आणि १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात ७.५ चा भूकंप झाला. दोन, ९ मार्च २०११ ला एक्स दर्जाची ज्वाला आणि ११ मार्चला जपानमधल्याच तोहोकूचा महाभूकंप आणि त्सुनामी. तीन, २०२० मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नामांकित नियतकालिकात इटालियन शास्त्रज्ञांनी सौर वारा आणि मोठे भूकंप यांचा संबंध सिद्ध केला आहे.

मी तिन्ही गोष्टी शोधल्या. तारखा खऱ्या आहेत, तो निबंधही खरा आहे. पंचाईत तिथेच झाली. धडधडीत खोटं असतं तर ग्रुपवर ठणकावून सांगितलं असतं. आता काय सांगू?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. अर्ध्या तासात तोंडघशी पडणार नाही असं काहीतरी हवंय.

खुर्ची टाकून

पहिल्या रांगेत बसलोय. येऊ द्या.

गच्चीवरची दुर्बीण

नोतोचा दावा वेळेवरच अडतो, तेवढं मी सांगतो. दगडधोंड्यांचं बेसाल्टराव सांगतील.

सूर्यावर 'स्फोट' झाला म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. ज्वालेची क्ष-किरणं आणि अतिनील किरणं प्रकाशाच्या वेगाने येतात, म्हणजे आठ-सव्वाआठ मिनिटांत. अतिवेगवान प्रोटॉन आले तर अर्ध्या तासापासून पुढे. आणि ज्याला आपण सौर वादळ म्हणतो तो प्लाझ्माचा लोट यायला साधारण एक ते तीन दिवस घेतो. १८५९ चा कॅरिंग्टनचा लोट अतिवेगवान होता, त्यालाही साडेसतरा तास लागले.

आता नोतो. ती ज्वाला टिपेला पोचली २१:५५ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ). जपानमध्ये तेव्हा १ जानेवारीची सकाळ, ६:५५. भूकंप झाला त्याच दिवशी दुपारी ४:१० ला. सव्वानऊ तासांचं अंतर. लोट तोवर वाटेतच होता. पोचले होते ते फक्त किरण, आणि ते वातावरणाच्या वरच्या थरातच शोषले जातात. त्यांचा परिणाम म्हणजे सूर्यासमोरच्या बाजूला रेडिओ संपर्कात खरखर. आणि ज्वाला टिपेला होती तेव्हा नोतोच्या जमिनीवर सूर्य उगवायचाच होता!

म्हणजे क्लिपवाल्याला आधी हे ठरवावं लागेल की त्याच्या मते भूकंप करतं कोण. किरण करतात, तर तोहोकूला सव्वा दिवस उशीर का झाला? प्लाझ्माचा लोट करतो, तर नोतोला तो पोचायच्या आधीच कसा झाला? सोयीप्रमाणे आरोपी बदलायचा, असं चालत नाही.

अवांतर: ज्वाला बघायची हौस असेल तर आदित्य-एल१ वर आपल्या पुण्याच्या आयुकाने बनवलेली 'सूट' दुर्बीण आहे, तिने टिपलेली सूर्याची चित्रं बघा. त्यांच्यावर संगीत नाही.

पंचांगी

विज्ञानवादी मंडळींनी हसण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणाचा अख्खा अध्याय आहे. सूर्यबिंबावर दिसणाऱ्या तामसकीलकांचाही उल्लेख आहे आणि त्यांची अनिष्ट फळं दिली आहेत. सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीवरचे उत्पात यांचा संबंध आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी लावला होता.

बेसाल्ट

पंचांगीकाका, वराहमिहिराबद्दल आदर आहेच. पण त्याच अध्यायात भूकंपांची वायू, अग्नी, इंद्र, वरुण अशी चार मंडलं आहेत आणि सगळी नक्षत्रं त्यांत वाटून दिली आहेत. म्हणजे भूकंप कधीही झाला तरी कुठल्या ना कुठल्या मंडलात बसणारच. आज क्लिपवाले तेच करतात, फक्त ग्राफिक्स बरे असतात.

आणि ही शंका फक्त आपल्याकडची नाही. सूर्यावरचे डाग मोजायची पद्धत बसवणारा झुरिकचा रुडॉल्फ वोल्फ, त्यानेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात डाग आणि भूकंप यांची सांगड घालून पाहिली होती. त्यामुळे प्रश्न विचारणं मूर्खपणाचं अजिबात नाही. दीडशेहून जास्त वर्षं विचारून झालाय, एवढंच.

आता मूळ मुद्दा. भूकंपात खडकातला साठलेला ताण एकदम सुटतो. तो साधारण १ ते १० मेगापास्कल असतो. हा ताण साठवतात भूपट्ट. भारताचा भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोय, कोट्यवधी वर्षं. सूर्य हा ताण निर्माण करतो असं कोणीही गंभीरपणे म्हणत नाही. वाद आहे तो 'ट्रिगर'चा. खडक तुटायच्या बेतात आलाच असेल, तर बाहेरून आलेला किती बारीक धक्का त्याला पुरेल?

यावर एक चांगली मोजपट्टी आहे: चंद्र-सूर्याची भरती. समुद्राला येते तशी जमिनीलाही येते, ती रोज काही दशांश मीटर वरखाली होते. त्यातून खडकात येणारा ताण काही किलोपास्कल. म्हणजे भूकंपात सुटणाऱ्या ताणाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एवढ्या ताणाचाही परिणाम शोधायला लोकांची हयात गेली. २००४ मध्ये 'सायन्स'मध्ये कॉक्रन आणि सहकाऱ्यांनी उथळ थ्रस्ट भूकंपांवर, म्हणजे एक खडक दुसऱ्यावर चढतो त्या प्रकारावर, मोठ्या भरतीचा परिणाम दाखवला. २०१६ मध्ये टोकियोच्या इडे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोठ्या भरतीच्या वेळी सुरू झालेला भूकंप महाभूकंप होण्याची शक्यता किंचित वाढते. किंचित.

आता सौर वाऱ्याचा दाब बघा. नेहमीचा १ ते ६ नॅनोपास्कल. प्रचंड वादळात समजा १००. किलो आणि नॅनो यांत किती अंतर आहे? एक लाख कोटी पट. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा त्याच्या केंद्रात हवेचा दाब आजूबाजूपेक्षा ५० हेक्टोपास्कलच्या आसपास कमी होता, म्हणजे ५ किलोपास्कल. सौर वारा ढकलून भूकंप करत असेल तर रत्नागिरीला दर चक्रीवादळात भूकंप व्हायला हवा.

हॅम लहर

बेसाल्टराव, सौर वारा जमिनीला ढकलतो असं शहाणा माणूस म्हणतच नाही. तुम्ही सोपा प्रतिस्पर्धी निवडून त्याला चीतपट केलंत.

खरा दावा विजेचा आहे. भूचुंबकीय वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलतं आणि जमिनीत प्रवाह उत्पन्न होतात. हे काल्पनिक नाही. १३ मार्च १९८९ ला याच प्रवाहांनी कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास घालवली, साठ लाख लोक अंधारात. तुम्ही नॅनोपास्कल मोजत बसलात तर क्वेबेकची वीजही जायला नको होती!

दुसरं, रशियनांचे प्रयोग. १९७० च्या दशकात पामीरमध्ये आणि नंतर बिश्केकजवळ त्यांनी एमएचडी जनरेटर (थोडा वेळ प्रचंड वीज देणारी यंत्रं) लावून जमिनीत हजारो अँपिअरचे झटके सोडले. त्यानंतरच्या दिवसांत परिसरातल्या छोट्या भूकंपांची संख्या वाढल्याचं त्यांनी छापलंय. जमिनीत वीज सोडली आणि खडकाने उत्तर दिलं. मग सूर्याने सोडली तर?

मी सूर्यामुळे भूकंप होतातच असं म्हणत नाही. 'शक्यच नाही' हे मात्र फार घाईचं आहे.

पांढरा कांदा

चुंबकीय वादळाचा विषय निघालाच आहे तर अलिबागकर म्हणून हात वर करतो.

१८५९ च्या त्या कॅरिंग्टन वादळाची जगातली एक अत्यंत मोलाची नोंद मुंबईची आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत तेव्हा माणसं डोळ्यांनी काटा वाचून वहीत आकडे लिहीत. २ सप्टेंबरला तिथे चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे क्षेत्र मोजायचं एकक) खाली गेलेलं नोंदवलंय. आजही कोणी सौर वादळावर लिहिलं की तो कुलाब्याचा आकडा येतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ पासून आमच्या अलिबागला हललं. ट्रामच्या तारांमुळे सुई नाचली असती.

आपल्याकडचं आडवं क्षेत्र ३८,००० नॅनोटेस्लाच्या घरात. म्हणजे इतिहासातल्या त्या अव्वल वादळात बदल चार टक्के. हॅमभाऊ, पुढचा हिशोब तुमचा.

खुर्ची टाकून

कुलाब्याचं माहीत नव्हतं. पैसे वसूल.

बेसाल्ट

हॅमभाऊ, आक्षेप रास्त आहे. विजेचाच हिशोब करू.

क्वेबेकची वीज गेली कारण शेकडो किलोमीटर लांब तारा जमिनीतल्या विद्युत क्षेत्राची बेरीज करत जातात. किलोमीटरला १ व्होल्ट असला तरी ५०० किलोमीटरला ५०० व्होल्ट. खडकातल्या क्वार्ट्‌झच्या कणाला मात्र ही बेरीज मिळत नाही. तो आपल्या जागी बसून आपल्यापुरतं क्षेत्र बघतो.

त्या इटालियन निबंधाने उलट पिझोइलेक्ट्रिक परिणाम सुचवलाय: क्वार्ट्‌झला वीज दिली की तो किंचित ताणला जातो. किती? क्वार्ट्‌झचा गुणांक व्होल्टला २.३ पिकोमीटर. तुमच्या बाजूने उदार होतो आणि क्षेत्र किलोमीटरला १० व्होल्ट धरतो, म्हणजे मीटरला ०.०१ व्होल्ट. त्यातून येणारा ताण निघतो साधारण ०.००२ पास्कल. भरतीचा ताण याच्या निदान पाच लाख पट, आणि तो दिवसातून दोनदा येतो. त्यातही सगळे कण एकाच दिशेने मांडलेले आहेत असं धरलंय. खऱ्या खडकात ते वेडेवाकडे असतात, परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात.

रशियन प्रयोग मी नाकारत नाही. पण तिथे प्रवाह मोजक्या किलोमीटरांवर गाडलेल्या इलेक्ट्रोडमधून ओतला होता आणि धक्के छोटे होते. त्यावरून एकदम ९.० च्या तोहोकूवर उडी मारता येत नाही.

रिकामटेकडी

पण महाराष्ट्रात तर बेसाल्ट आहे ना? बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतोच. मग आपल्याला हा मुद्दा लागूच नाही. काकूला सांगा घरात झोप.

कोयनाकाठची

लागू आहे हो, म्हणजे खडकापुरता. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला कराडला केंद्र आहे, त्यांनी गोठणे इथे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला, खाली ग्रॅनाइटी खडक. भूकंप त्या खालच्या खडकात होतात. तिथे क्वार्ट्‌झ भरपूर. त्यामुळे बेसाल्टरावांचा हिशोबच खरा, पळवाट नको.

आणि मी म्हणते, सूर्याकडे कशाला बघता? महाराष्ट्रात ट्रिगर म्हणजे काय हे जगाला शिकवायला आमचं शिवसागर पुरेसं आहे. कोयना धरणात १९६२ पासून पाणी अडवायला लागले, धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. तेव्हापासून आजतागायत तिथे धक्के चालू आहेत. पुढे वारणेचं धरण भरायला लागल्यावर तिकडेही सुरू झाले. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेच्या हर्ष गुप्तांनी सगळी कारकीर्द यात घातली.

यात बघण्यासारखं काय? पावसाळ्यात पाणी चढतं, त्यानंतर धक्के वाढतात. पुढे पाणी उतरायला लागतं तेव्हा पुन्हा वाढतात. दरवर्षी. पाण्याचं वजन असतंच, पण खरा खेळ भेगांत झिरपलेल्या पाण्याच्या दाबाचा. तो दाब भेगेच्या दोन बाजूंना एकमेकींपासून ढकलतो, घर्षण कमी होतं, आधीच ताणलेली भेग सरकते. कारण ठाऊक, मोजमाप आहे, ऋतूबरोबर आकडा वरखाली होतो. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. आमच्याकडे मांडणीतली भांडी वाजली की लोक धरणाची पातळी विचारतात, सूर्याची नाही.

डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची माळ लागली, चारच्या आसपासचेही झाले. तिथेही संशोधकांचा संशय पावसाच्या झिरपलेल्या पाण्यावर आहे. नेपाळात तर हिवाळ्यात छोटे भूकंप जास्त आणि पावसाळ्यात कमी, कारण गंगेच्या मैदानात साठणाऱ्या पाण्याचं वजन. ट्रिगर असतातच, मोजता येण्यासारखे असतात, आणि मुख्य म्हणजे पृथ्वीवरच असतात.

तेरणाकाठचा

ताई, हे भारी. आमच्याकडेही माकणीच्या निम्न तेरणा धरणाचं नाव घेणारे अजून भेटतात.

कोयनाकाठची

हो, ती शंका तेव्हा संशोधकांनीही घेतली होती, एकमत झालं नाही. कोयनेइतका सरळ मामला तो नाही. पण १९९३ च्या आधी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसरात धक्के बसत होते हे तर तुमच्या काकूलाच विचारा.

पी व्हॅल्यू

मी उशिरा आलोय. बेसाल्टरावांनी कारण मोजलं. मी तारखा मोजतो, कारण तेरणाकाठच्याची मूळ अडचण तीच आहे: 'तारखा खऱ्या आहेत'.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, ही म्हण सगळे फेकतात. पण कावळा किती वेळा बसतो आणि फांद्या किती तुटतात, हे कोणी मोजत नाही. मोजू.

जगात ६ किंवा त्यावरचे भूकंप वर्षाला साधारण १४० ते १५० होतात. म्हणजे सरासरी अडीच दिवसांनी एक. आता डोळे मिटून कुठलाही दिवस निवडा आणि पुढचे तीन दिवस बघा. त्यात किमान एक ६ चा भूकंप सापडण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास येते. क्लिपवाला ४८ तास म्हणतो, मग 'तीन दिवसांत' म्हणतो, मग देश बदलतो, मग ५.५ चालवून घेतो. ५ च्या वरचे तर रोज चारेक होतात. एवढी मोकळीक असेल तर मी माझ्या स्कूटरच्या पंक्चरवरून भूकंप वर्तवून दाखवतो.

उलटी बाजू बघा, जी क्लिपमध्ये कधीच येत नाही. १० आणि ११ मे २०२४ ला गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ आलं. लडाखमध्ये हानलेहून आकाश लाल दिसलं, फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या महिन्यात जगात ७ च्या वरचा भूकंप किती? शून्य. ३ एप्रिलला तैवानमध्ये ७.४ चा झाला होता, त्यानंतरचा थेट २८ जूनला पेरूमध्ये. सूर्याने एवढी मोठी वर्दी दिली आणि पृथ्वी ढिम्म.

आणखी एक. कॅलिफोर्नियातला लोमा प्रिएताचा भूकंप १७ ऑक्टोबर १९८९ चा. त्या महिन्यातला सूर्याचा प्रचंड प्रोटॉन वर्षाव १९ तारखेला सुरू झाला. दोन दिवस नंतर! या न्यायाने भूकंपामुळे सूर्यावर स्फोट होतात.

११ वर्षांच्या सौरचक्राचं काय म्हणाल, तर गेल्या पाऊणशे वर्षांतले सगळ्यात मोठे घ्या. १९५२ कामचात्का, चक्र उतरतीला. १९६० चिली, ९.५, शिखर दोन वर्षांपूर्वीच होऊन गेलेलं. १९६४ अलास्का, ९.२, चक्र जवळजवळ तळाला. २००४ सुमात्रा उतरतीला, २०११ तोहोकू चढतीला. पाच आकड्यांवरून मीही काही सिद्ध करत नाही, पण तुम्हाला यात सूर दिसतोय का? आपला किल्लारीचा घ्या: शिखर १९८९ ला, तळ १९९६ ला, भूकंप मधे कुठेतरी.

नीट केलेला अभ्यास हवा असेल तर २०१३ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे लव्ह आणि टॉमस यांनी डाग, सौर वाऱ्याचा वेग आणि भूचुंबकीय हालचाल, तिन्ही भूकंपांच्या यादीशी ताडून पाहिली. दखल घेण्याजोगा संबंध सापडला नाही.

हॅम लहर

आणि २०२० चा निबंध? त्यात ५.६ वरचे भूकंप आणि सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाची वीस वर्षांची प्रोटॉनची मोजमापं आहेत. एक दिवसाच्या फरकाने संबंध मिळाला आणि तो योगायोग असण्याची शक्यता लाखात एकाहून कमी निघाली. तुमचं नावच पी व्हॅल्यू. आता पी व्हॅल्यू, म्हणजे हीच योगायोगाची शक्यता, आवडेनाशी झाली?

पी व्हॅल्यू

हाहा, बाण बरोबर लागला.

तो निबंध मी कचऱ्यात टाकत नाही. पण लाखात एक हा आकडा कशाच्या तुलनेत, ते विचारायला हवं. दोन अडचणी नेहमी येतात. भूकंप एकेकटे येत नाहीत. एक मोठा झाला की मागून उत्तरधक्क्यांची रांग लागते, त्यांतले कित्येक ५.६ च्या वर असतात. प्रत्येकाला स्वतंत्र घटना धरलं तर एकच कावळा दहा वेळा मोजल्यासारखं होतं. दुसरीकडे सौर वारासुद्धा सुटा नाही, सूर्य साधारण २७ दिवसांत फिरतो आणि तेच झोत पुन्हा पुन्हा येतात. दोन्हीकडे गठ्ठे असले की ते एकमेकांवर योगायोगाने पडण्याची शक्यता साध्या सूत्रापेक्षा बरीच जास्त असते.

आणि एक दिवसाचा फरक आधी ठरवला होता की आकडे बघून सापडला? हा प्रश्न मी प्रत्येक निबंधाला विचारतो, फक्त याला नाही. नंतरच्या काळात इतरांनीही हा संबंध खरा की आभासी म्हणून शंका घेतल्या आहेत. क्लिपवाल्याचं 'सिद्ध केलं आहे' म्हणूनच खटकतं.

कानाझावाकर

नोतोचा विषय निघालाय म्हणून लिहिते. मी बरीच वर्षं कानाझावाला आहे. त्या दुपारी आम्ही घरीच होतो, नववर्षाची सुट्टी. आधी सगळ्यांचे फोन एकदम ओरडले, मग बराच वेळ घर हलत राहिलं. नंतर शेजारच्या उचिनादाला गेलो तर सपाट रस्त्याला लाटा आलेल्या, विजेचे खांब तिरके, आणि घरं भेगा न पडता कललेली. वाळूची जमीन पाण्यासारखी झाली होती.

पण मुद्दा हा की नोतो अचानक झालं नाही. २०२० च्या अखेरीपासून द्वीपकल्पाच्या टोकाला धक्क्यांची माळ चालू होती, जमीन उचलली जात होती. ५ मे २०२३ ला मोठा झाला, सुझूत घरं पडली. इथले शास्त्रज्ञ तीन वर्षं सांगत होते की खोलातून वर चढणारे द्रव भेगांत शिरत असावेत. म्हणजे पुन्हा कोयनाताईंचं पाणी, फक्त खालून आलेलं. १ जानेवारीच्या सकाळची ज्वाला सांगायची आणि आधीची तीन वर्षं गाळायची, याचा इथे राहणाऱ्याला रागच येतो.

आता हॅमभाऊंना एक खाऊ. २०२५ मध्ये त्सुकुबा विद्यापीठाच्या लोकांनी 'केऑस' नियतकालिकात छापलंय की सूर्याच्या उष्णतेने बदलणारं जमिनीचं तापमान हिशोबात घेतलं तर भूकंपाचा अंदाज थोडा सुधारतो, उथळ भूकंपांचा जास्त. पण ते ऊन, पाऊस, बर्फ, भूजल या वाटेने. ज्वाला आणि प्रोटॉनशी त्याचा संबंध नाही. बातम्यांचे मथळे मात्र 'सूर्यामुळे भूकंप' असेच होते.

पंचांगी

म्हणजे सूर्याचा संबंध आहेच, हे शेवटी मान्य केलंत.

गच्चीवरची दुर्बीण

काका, या हिशोबाने पावसाळा, शेती आणि माझं टक्कल यांच्याशीही सूर्याचा संबंध आहे.

हॅम लहर

त्सुकुबाबद्दल धन्यवाद ताई, वाचतो.

रेडिओवाला म्हणून एक प्रामाणिक माहिती देतो. आमच्या गोटात लोमा प्रिएताच्या आधी जवळच्या कोरालिटोसला पकडलेल्या अतिमंद चुंबकीय लहरींची गोष्ट श्लोकासारखी सांगितली जाते. 'भूकंपाच्या तीन तास आधी सिग्नल चढला.' तिचं पुढे काय झालं?

बेसाल्ट

२००९ मध्ये ती नोंद पुन्हा तपासली गेली. टॉमस, लव्ह आणि जॉन्स्टन यांनी आजूबाजूच्या केंद्रांशी तुलना करून दाखवलं की तो बदल बहुधा उपकरणाच्या बिघाडाचा होता. त्यानंतर जगभर भरपूर यंत्रं बसवली गेली, तसा सिग्नल भरवशाने पुन्हा मिळाला नाही.

तेरणाकाठचा

सगळ्यांचे आभार. ग्रुपवर टाकायला मी हे लिहिलंय, चूक असेल तर सांगा:

'सूर्यावरच्या स्फोटावरून भूकंपाचा दिवस किंवा जागा कोणालाही सांगता येत नाही. मे २०२४ मध्ये वीस वर्षांतलं सर्वांत मोठं सौर वादळ आलं, त्या महिन्यात जगात एकही ७ चा भूकंप झाला नाही. नोतोत तीन वर्षं आधीपासून धक्के बसत होते.'

काकूला फोन केला. ती म्हणाली, 'बरं, सूर्याचं राहू दे. पण मागल्या खोलीची भिंत जुन्याच दगडाची हाय, तिथं मी झोपायची न्हाई.'

कोयनाकाठची

काकूला पहिला नंबर द्या! १९९३ ला माणसं मारली ती दगड-मातीच्या रुंद भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या (मातीच्या धाब्याच्या) ओझ्याने. ६.२ चा भूकंप जपानमध्ये इतकी माणसं घेत नाही. ग्रुपवरच्या मजकुरात शेवटी भिंतीचं टाका: बांधणीत आरपार जाणारे दगड आहेत का, वर सगळीकडून आडवा पट्टा आहे का, माळवदावर दरवर्षी मातीचा थर चढत गेलाय का. गवंडी दाखवून घ्या. नांदेड-हिंगोलीकडच्या लोकांनाही पाठवा, १० जुलै २०२४ ला ४.५ चा झाला तेव्हा पांगरा शिंदेकडे लोक घराबाहेर पळाले होते.

रिकामटेकडी

माळवदावरची माती कमी करायची तर गळतं त्याचं काय? आजोबांच्या घरी हाच वाद आहे.

कोयनाकाठची

पूर्ण काढून पत्रे घालतात बरेच जण. उन्हाळ्यात तापतं, मान्य. यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

हॅम लहर

पी व्हॅल्यू, तुमचं म्हणणं बरंचसं पटलं, तरी शंका गेलेली नाही. आपणच करून बघू का? भूचुंबकीय हालचालीचा केपी निर्देशांक १९३२ पासूनचा फुकट मिळतो, भूकंपांच्या याद्याही मिळतात. कोड मी लिहितो.

पी व्हॅल्यू

जरूर. पण आकडे उतरवायच्या आधी अटी इथेच लिहून टाकू. एक, वादळ म्हणजे केपी ८ किंवा वर, सलग दिवस असतील तर एकच वादळ. दोन, भूकंप ६.५ किंवा वर, उत्तरधक्के गाळून. तीन, खिडकी वादळापासून तीन दिवस, फक्त पुढची. चार, वादळाच्या तारखा हजार वेळा पिसून तोच हिशोब पुन्हा करायचा आणि खरा आकडा त्या हजारांत कुठे बसतो ते बघायचं. काहीही निघालं तरी इथे टाकायचं.

हॅम लहर

केपी ८ ला घटना फार कमी पडतील, ७ करा. बाकी मान्य. याद्या १९६४ पासूनच घेऊ, त्याआधीच्या जागतिक नोंदी विरळ आहेत. वेळा सगळ्या यूटीसीत.

पी व्हॅल्यू

७ चालेल. १९६४ ही चालेल. उत्तरधक्के गाळायची पद्धत मात्र बेसाल्टरावांनी निवडावी, तुम्ही किंवा मी नको.

बेसाल्ट

गार्डनर-नोपॉफ वापरा. जुनी आहे, पण दोघांच्याही सोयीची नाही.